नंदीची मान

विभागात तिला सगळे नंदी म्हणत. बरोबरच्या मुलामुलींनी पहिल्याच महिन्यात हे नाव ठेवलं, आणि त्यांची त्यात काही चूक नव्हती. समोरचा माणूस बायको सोडून गेल्याचं सांगत असो की काल छान झोप लागल्याचं, हिची मान आपली डोलायचीच. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पदव्युत्तर शिक्षणाला निघालेल्या मुलीत हा गुणच म्हणायचा. प्रवेशाच्या मुलाखतीत तिला जागा मिळाली तीही बहुधा याच गुणावर. पण चाचणीच्या खोलीत तोच गुण तिला नडला.

त्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक स्टॉपवॉच आणि भिंतीत बसवलेली मोठी काच होती. काचेपलीकडून शिकवणाऱ्या मॅडम बघत असत. काम ऐकायला सोपं. समोरच्याला शब्दांची यादी वाचून दाखवायची, सेकंदाला एक शब्द, सगळे एकाच आवाजात, आणि त्याला आठवतील तेवढे सांगायला लावायचे. हेच पुन्हा पुन्हा करायचं. मग त्याला दुसऱ्याच कामाला जुंपायचं आणि अर्ध्या तासाने विचारायचं, आता किती राहिलेत डोक्यात? या सगळ्या वेळात चाचणी घेणाऱ्याने भिंत व्हायचं. बरोबर आलं तरी भिंत, चुकलं तरी भिंत. मान हलली की समोरच्याला वाट कळते, आणि मग जे मोजलं जातं ते निव्वळ त्याचं राहत नाही. नंदी तर चुकलेल्या शब्दालाही मान डोलवायची, बिचाऱ्याने प्रयत्न केला म्हणून.

"तुम्ही चाचणी घेत नाही आहात, शिकवणी घेताय," मॅडम म्हणाल्या आणि पहिल्या वर्षाच्या सहामाही प्रात्यक्षिकात तिला नापास केलं. पुढच्या महिन्यात आणखी एक संधी होती. तीही गेली असती तर घरी बसावं लागलं असतं.

आता मान काही परक्याची नव्हती, स्वतःच्याच खांद्यावरची. पण ती ऐकेना. बरोबरच्या मुलांवर सराव करावा तर त्यांना शब्द आधीच पाठ आणि वर हसायला कारण हवंच. मग नंदीने न करायचं ते केलं. चाचणीचे शब्द विभागाच्या कपाटाबाहेर जाऊ द्यायचे नाहीत, अशी हमी सगळ्यांकडून पहिल्याच दिवशी घेतलेली असते. तिने कागद बाहेर नेला नाही. डोक्यात घालून शब्द घरी नेले, आणि स्वतःची समजूत घातली की डोक्याला कुठे कपाट असतं.

घरी बाबा होते. घराच्या खालीच त्यांचं औषधांचं दुकान. संध्याकाळी शटर ओढून वर आले की हात धुऊन ते खुर्चीत ताठ बसायचे, फोटो काढून घ्यायला बसावं तसे. नंदी समोर बसून सुरू करायची, "दोरी. कासव. आरसा. मीठ. पाळणा. शिडी. बटण." यादी अशी लांबत जायची. मग बाबा सांगायला लागायचे, आणि सांगता सांगता त्यांची नजर तिच्या मानेवर. जरा कुठे हलली की टेबलावर बोट आपटायचे.

"हलली."

"नाही हो बाबा."

"हलली म्हणजे हलली. आम्ही चाळीस वर्षं गिऱ्हाइकाचं तोंड वाचतोय. तुझं नाही कळणार?"

तो महिना घरात रोज हेच चाललं. आईला स्वयंपाकघरात भांडी घासता घासता यादी पाठ झाली. बाबांना तर अशी झाली की तोंडातून शब्द निघायचा अवकाश, पुढचे आपोआप रांगेत यायचे. नंदी महिन्याअखेर पास झाली. बाबांनी आईला सांगितलं, "आपण दोघं पास झालो." तिघांनी हसून घेतलं आणि विषय संपला, असं तिघांनाही वाटलं.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा नंदीच्या दोन्ही हातांची नखं संपली होती. शेवटचं प्रात्यक्षिक आठवड्यावर आलं होतं, आणि काचेपलीकडे या खेपेला बाहेरचे परीक्षक बसणार होते. रोज सकाळी ती ओपीडीत लोकांना चिंतेवर ताबा कसा मिळवायचा ते शांत आवाजात समजावून सांगायची आणि मधल्या सुट्टीत जिन्यात उभी राहून अंगठा कुरतडायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पण खरी धास्ती प्रात्यक्षिकाची नव्हती, घरची होती.

महिन्याभरापूर्वी बाबांनी शेजारच्या निवृत्त मास्तरांना रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी मधुमेहाच्या गोळ्या दिल्या होत्या. मास्तरांनी घरी जाऊन पाकीट वाचलं म्हणून निभावलं. ते परत आले तेव्हा बाबा हसले आणि म्हणाले, "तुम्ही जागे आहात का ते बघत होतो." नंतर एकदा जेवताना त्यांनी विचारलं की नंदीची परीक्षा कधी. तिने सांगितलं. भाजी वाढून घेऊन त्यांनी पुन्हा विचारलं. आई म्हणाली, "लक्ष कुठं असतं तुमचं," आणि नंदीने हातातला घास ताटात ठेवला.

या शिक्षणात पहिल्या वर्षी प्रत्येकाला घरात प्रत्येक आजार दिसतो. मामा विक्षिप्त, आत्या संशयी, आणि आपण स्वतः तर अख्खं पुस्तक. मॅडम त्याची थट्टा करायच्या. म्हणून नंदीने बरेच दिवस स्वतःवर विश्वास ठेवला नाही. मग एक दिवस बाबा दुकानाची किल्ली शोधत होते आणि किल्ली त्यांच्याच हातात होती. ते तर कोणाचंही होतं. पण हातातली किल्ली दिसल्यावरही ती कशाची हे त्यांना क्षणभर कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी भीती आली ती नंदीने पाहिली आणि ती मॅडमकडे गेली.

"आपल्या माणसाची चाचणी आपण घ्यायची नाही, आपल्या विभागातही नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयातल्या एका बाईंचं नाव दिलं. "त्या चाळीस वर्षांच्या कामानंतरही चूक होईल म्हणून रोज नव्याने भितात. चांगल्या आहेत."

तिथे तीच यादी निघाली तर? हे नंदीच्या मनात आलं नाही असं नाही. जायच्या आदल्या दिवशी आलं होतं. पण याद्या काय कमी आहेत, तिकडे दुसरी वापरत असतील, असं म्हणून तिने ते झुरळासारखं झटकलं. विचारायचा धीर झाला नाही. विचारलं असतं तर का विचारतेस हे सांगावं लागलं असतं.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात ती आणि आई बाकावर बसून राहिल्या. आईच्या मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, बाबांची शाल आणि कशाला लागतील तर म्हणून सगळे जुने रिपोर्ट. समोरचं दार बंद होतं. आई मध्येच विचारायची, "आत दुखवत नाहीत ना काही?" नंदी म्हणायची, "नुसतं विचारतात गं." विचारण्यानेही दुखतं, हे तिने दोन वर्षांत पाहिलं होतं. ते आईला सांगायची ही वेळ नव्हती.

दार उघडलं आणि बाबा बाहेर आले ते निवडून आलेल्या पुढाऱ्यासारखे. मागून पांढऱ्या केसांच्या बाई आल्या. बाबांना आईजवळ बसवून त्यांनी नंदीला बाजूला घेतलं.

"लक्ष थोडं विचलित होतं. घड्याळाचं चित्र काढताना काटे चुकले," बाई म्हणाल्या. "पण शब्दांची स्मरणशक्ती उत्तम आहे, त्यांच्या वयाला दृष्ट लागण्यासारखी. ताण असेल, झोप कमी असेल. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. दुकान चालवायला माझ्या मते हरकत नाही."

नंदीने मान डोलावली.

घरी जाताना टॅक्सीत आई पुढे बसली होती. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "सुटले गं बाई." बाबा मागे नंदीच्या कानाशी वाकले.

"तुझेच होते," ते कुजबुजले. "दोरी, कासव, आरसा, मीठ. एकही सोडला नाही. आणि तुझं नाव काढलं नाही हं. त्या बाई म्हणाल्या, वा. मी म्हटलं, लहानपणापासून डोकं तल्लख."

त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. आपण मुलीला वाचवलं, हा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. दीड वर्षापूर्वी तिनेच रोज संध्याकाळी घोटून घोटून ते शब्द त्यांच्यात भरले होते, इतके खोल की बाकी सगळं वाहून गेलं तरी ते जागचे हलणार नव्हते. बाईंनी मोजली ती बाबांची आजची स्मरणशक्ती नव्हती, नंदीची जुनी शिकवणी होती. मॅडम अगदी हेच म्हणाल्या होत्या.

गप्प बसायला तिच्याकडे कारणं भरपूर होती. त्या दुपारी आई कितीतरी दिवसांनी पाय पसरून झोपली होती. प्रात्यक्षिक चार दिवसांवर होतं. चाचणीचे शब्द बाहेर नेले हे कळल्यावर विभाग काय करतो हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या तुकडीतल्या एकाने प्रश्नांचे फोटो मित्राला पाठवले होते, त्याचं नाव आता कोणी घेत नव्हतं. शिवाय सहा महिन्यांनी पुन्हा बघणारच आहेत, सहा महिन्यांत असं काय आकाश कोसळणार होतं? ही सगळी कारणं तिने मनात नीट लावून ठेवली आणि संध्याकाळी ती खाली दुकानात जाऊन उभी राहिली.

बाबा मजेत होते. शीळ घालत होते. एक बाई तान्ह्या बाळासाठी तापाचं औषध मागायला आली. बाबांनी न बघता मागे हात टाकला. चाळीस वर्षं तो हात असाच जात होता आणि नेमकी बाटली घेऊन येत होता. आज तो मोठ्या माणसांच्या औषधाची बाटली घेऊन आला. रंग तोच, झाकण तेच. बाबांनी ती कागदात गुंडाळली आणि किती द्यायचं हेही सांगितलं, एक चमचा भरून, अगदी ठाम आवाजात. हात कचरला असता, चेहरा गोंधळला असता, तर त्या बाईने कदाचित दुसऱ्यांदा विचारलं असतं.

"बाबा, द्या, मी पिशवीत घालते," नंदी म्हणाली. तिने पाठ वळवून बाटली बदलली आणि बाहेर पायरीपर्यंत जाऊन त्या बाईला म्हणाली, "चमचा नाही. आत ड्रॉपर आहे. पाकिटावर वजनाप्रमाणे लिहिलंय, तेवढंच द्या."

"तुला आता दुकानही चालवायचंय का?" बाबा हसत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मॅडमच्या खोलीबाहेर उभी राहिली. आत गेल्यावर बसायला सांगितलं तरी बसली नाही. जे झालं ते तिने एका दमात सांगितलं, कारण मध्ये थांबली असती तर पुढचं आलं नसतं. मॅडम ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा चाचणीच्या खोलीतला होता. त्यावरून काहीही कळत नव्हतं, आणि समोर बसणाऱ्याला तो चेहरा कसा वाटतो हे नंदीला त्या दिवशी कळलं.

"दोन याद्यांपैकी कोणती?" मॅडमनी विचारलं.

"पहिली."

"दुसरी?"

"दुसरी मी स्वतःही नीट पाहिलेली नाही."

मॅडमनी फोन तिच्याकडे सरकवला. "आधी त्या बाईंना सांगा. स्वतः. मी इथे बसते. वडिलांचं आधी, तुमचं नंतर."

तिने फोन केला. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मी घड्याळाकडे दुर्लक्ष केलं, त्या शब्दांना भुलले. परवा आणा त्यांना. दुसरी यादी काढते."

फोन ठेवल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता तुमचं. विभागाच्या समितीला मला कळवावं लागेल. तोवर प्रात्यक्षिकाला बसता येणार नाही. पुढे काय होईल ते मी आज सांगू शकत नाही, आणि खोटा धीर देणार नाही." त्यांनी पेला पुढे केला. "पाणी प्या."

आईला सांगणं त्याहून जड गेलं. आईने पोळपाट बाजूला सारला.

"टळलेली बला तू हाताला धरून परत घरात आणलीस," ती म्हणाली. "बापालाही बुडवलंस आणि स्वतःलाही. काय मिळालं?"

नंदीने बाळाच्या औषधाचं सांगितलं. आई उठली, खाली गेली आणि गिऱ्हाईक नसताना शटर अर्धं ओढून घेतलं. बाबांना म्हणाली, पाठ दुखतेय माझी, दोन दिवस बंद ठेवू या. बाबा कुरकुरत वर आले.

पुन्हा रुग्णालयात जायला मात्र ते तयार होईनात. "पास झालेल्याची कोणी परत परीक्षा घेतं का?" असं म्हणत ते खुर्चीला चिकटून बसले. नंदी त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिने सगळं सरळ सांगितलं. शब्द ओळखीचे होते म्हणून ती चाचणी धरता येत नाही. आता नवे शब्द असतील. तुमच्या विसरण्याची मला भीती वाटते, फार वाटते. बाबांनी ऐकलं. त्यांना समजलं हेही तिला दिसलं, कारण त्यांची नजर किल्लीच्या दिवशी झाली होती तशी झाली.

"तू आत बसशील?" त्यांनी विचारलं.

"विचारते."

बाईंनी परवानगी दिली. म्हणाल्या, एरवी नातेवाइकाला आत घेत नाही, पण ते घाबरलेले आहेत, घाबरलेल्या माणसाची चाचणी खरी येत नाही. "कोपऱ्यात बसा. बोलायचं नाही. आणि ते बघतील तुमच्याकडे, तेव्हा..."

"माहीत आहे," नंदी म्हणाली.

वाटेत टॅक्सीत बाबांनी विचारलं होतं, "आज तुझी परीक्षा ना?" तिने सांगितलं, "नाही बाबा, तुमची आहे. आपलं बोलणं झालं ना." ते म्हणाले, "हो हो." पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि पुढच्या सीटवरून आईने मान न वळवता मागे हात करून त्यांचा गुडघा धरला.

खोली विभागातल्या खोलीसारखीच होती. टेबल, दोन खुर्च्या, स्टॉपवॉच. इथे काच नव्हती, खिडकी होती आणि तिचा पडदा ओढलेला होता. बाबा हात धुतल्यासारखे तळवे चोळून ताठ बसले. बाई वाचू लागल्या, "चाक. मध. पोपट. खुर्ची. वादळ." आवाज सपाट आणि स्वच्छ होता. यादी संपली. "आता तुम्हाला आठवतील ते शब्द सांगा. क्रम कोणताही चालेल."

"चाक," बाबा म्हणाले. "मध." मग ते थांबले. छताकडे पाहिलं. ओठ हलले.

बाईंनी यादी पुन्हा वाचली, पुन्हा विचारलं. एखादा शब्द यायचा, आधीचा जायचा. तीन-चार शब्दांपुढे गाडी सरकेना. बाबांच्या कपाळावर घाम आला आणि नंदीला उठून त्यांचा हात धरावासा वाटला, बास म्हणावंसं वाटलं. ती खुर्चीच्या कडा धरून बसून राहिली. मग बाईंनी त्यांना ठोकळे जुळवायला दिले, चित्रं दाखवली, आणि अर्धा तास झाल्यावर कागद मिटून विचारलं, "सुरुवातीला मी काही शब्द वाचले होते. त्यातले कोणते आठवतात?"

बाबांचा चेहरा एकदम उजळला. ते बाईंकडे बघत नव्हते. कोपऱ्यात नंदीकडे बघत होते.

"दोरी," ते म्हणाले. "कासव. आरसा. मीठ. पाळणा. शिडी. बटण."

एकापाठोपाठ एक, न अडखळता, दीड वर्षापूर्वीच्या त्या सगळ्या संध्याकाळींसारखी त्यांनी पूर्ण यादी म्हटली. आजच्यातला एकही शब्द त्यात नव्हता. प्रत्येक शब्दाला त्यांची नजर तिच्या मानेवर होती. बाईंचं पेन कागदावर चालत होतं. नंदीला आतून रडू येत होतं आणि आयुष्यात कधी नव्हती एवढी तिची मान डोलायला आसुसली होती, एकदाच, त्यांच्यासाठी, हो बाबा म्हणायला. ती हलली नाही. पापणीसुद्धा तिने खाली येऊ दिली नाही.

शेवटचा शब्द झाला. बाबा थोडा वेळ तिला न्याहाळत राहिले. मग त्यांनी टेबलावर हलकेच बोट टेकवलं आणि समाधानाने बाईंकडे वळले.

"बघा बाई," ते म्हणाले, "एकदाही नाही हलली. हिला पास करा."